मुरड न बसलेली काडतुसं

वर बाथरूमचं दार लागलं, कडी सरकली, आणि सुलेखानं एबर्लेंच्या ट्रेमधलं पहिलं काडतूस उचललं. अंगठ्याचं नख पुंगळीच्या तोंडावरून फिरवलं. नख अडकलं. दुसरं उचललं, तेही अडकलं. तिसऱ्याला नख लावायची गरजच नव्हती. दिव्याखाली त्याची पितळी कड सनईच्या तोंडासारखी बाहेर वळलेली सरळ दिसत होती.

“आजपण का हो?” ती म्हणाली. मराठीत, आणि काडतुसाला. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या त्या तळघरात मराठी ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

कार्ल एबर्ले ऐंशीच्या पुढचे. जिना चढायला त्यांना वेळ लागे, वर गेल्यावर वयाच्या मानानं आणखी लागे, आणि उतरताना ते दर पायरीला आपल्या गुडघ्याला अस्सल श्वाबियन बोलीत एक शिवी देत. त्यामुळे ते कुठवर आले हे तिला खाली बसून कळे. सप्टेंबरपासून ह्या शिव्यांच्या भरवशावर तिचं एक काम चाललं होतं. एबर्ले वर गेले, की हातानं ओढायच्या प्रेसवरची डाय, म्हणजे तोंड आवळायचा साचा, थोडी खाली फिरवायची, त्यांची काडतुसं एकेक करून पुन्हा प्रेसमधून काढायची, तोंडं आवळायची, डाय होती तशी करून ठेवायची आणि आपल्या ट्रेपुढे साळसूदपणे बसायचं.

आज तिनं डायला हात लावला आणि काढून घेतला.

मंगळवारी तिचं विमान होतं. कोल्हापूरला भाचीचं लग्न, मग भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन. परत यायला जानेवारी संपणार. आणि सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, क्लबात वर्षातली पहिली नेमबाजी असते. त्या नेमबाजीसाठी एबर्ले नाताळात काडतुसं भरणार होते. एकटे.

रिव्हॉल्वरचं काडतूस घरी भरणं हा जर्मनीत रीतसर परवान्याचा छंद आहे. उडवलेली रिकामी पुंगळी धुऊन-पुसून पुन्हा वापरायची. तिच्यात नवी दारू, नवी गोळी. सगळं कसब लागतं ते तोंडाशी. आधी पुंगळीचं तोंड किंचित फुलवायचं, इतकं किंचित की डोळ्याला दिसू नये, नखाला कळावं. म्हणजे शिशाची गोळी न खरवडता आत बसते. गोळी बसली, की ती फुलवलेली कड आत मुडपून गोळीच्या खाचेत पक्की करायची. ह्या शेवटच्या कामाचं जर्मन नाव सुलेखाला परीक्षेपुरतं पाठ होतं. मनात ती त्याला मुरड म्हणे. करंजीला घालतात ती. करंजीची मुरड सुटली तर फार तर सारण तेलात जातं. इथं मुरड नसेल, तर एका बाराच्या धक्क्यानं बाकीच्या गोळ्या पुढं सरकतात आणि रिव्हॉल्वरचं फिरतं चक्र अडकतं. नाहीतर दारू धड जळत नाही, गोळी नळीतच राहते, आणि मागून दुसरी सुटली की नळी फुटते. नळीच्या मागं हात असतो. हाताच्या मागं चेहरा.

एबर्लेंचे हात आता थरथरत, आणि डाय किती खाली आहे ते डोळ्यांना दिसत नसे. तोंड ते गरजेपेक्षा जास्त फुलवत. आवळायच्या वेळी दांडा अगदी नेमानं ओढत, पण वरची डाय काडतुसाला टेकतच नसे. सगळं काम व्हायचं. मुरड तेवढी बसायची नाही.

सुलेखा इंगवले बावन्न वर्षांची. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात, मोजमापाच्या खोलीत नोकरीला. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजायच्या आणि चुकीच्या निघाल्या की लाल पेटीत टाकायच्या, हे तिचं काम. तिथं तिला कधी कुणाचा संकोच वाटला नव्हता. नवरा सत्यजित पत्रा दाबायचे साचे करायचा. त्याच्यामागून ती इथं आली होती. एका मार्चमध्ये दारापुढचं बर्फ ओढताओढता तो फावड्यावर टेकला आणि उठलाच नाही. मुलगी अन्वी शिकली, हाम्बुर्गला गेली, जर्मन झाली. उरलं मराठी मंडळ. पण विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलवावं की नको, हा पेच मंडळातल्या बायकांना पडू नये, म्हणून सुलेखाला दर संक्रांतीला सर्दी व्हायला लागली. पुढं पुढं ती गणपतीतही व्हायला लागली.

मग एका रविवारी बसची वाट बघताना, नेमबाजांच्या क्लबाच्या दारावर ‘आज सर्वांना प्रवेश’ अशी पाटी दिसली. बस यायला वेळ होता. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये ती चांगली नेम मारायची. आत गेली. देखरेखीवर एबर्ले होते. त्यांनी तिचा कागदी लक्ष्यपट दिव्यापुढं धरला, भोकं बघितली, तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, “कुठं शिकलीस, मेडले?” मेडले म्हणजे पोरी. सुलेखाला पोरी म्हणणारं माणूस जगात उरलंय, हे तिला त्या दिवशी कळलं.

नीलिमा देवस्थळी मंडळाची कार्यवाह. तिनं ऐकलं तेव्हा ती सुपरमार्केटातल्या दुधांपुढं थबकून उभीच राहिली.

“अगं सुलेखा, लोक ह्या वयात कुंडीत कोथिंबीर लावतात. तू म्हणे शनिवारी दारू भरतेस?”

“भरते. पीत नाही.”

“आणि तो म्हातारा?”

“तोही पीत नाही.”

“तसं नाही विचारत गं मी.”

“कळलं मला तू कसं विचारतेस ते,” सुलेखा म्हणाली, आणि दुधाची तारीख बघू लागली.

कोर्स करून, परीक्षा देऊन तिनं परवाना काढला. पण तिच्या घरमालकाला घरात दारू ठेवणं मंजूर नव्हतं. एबर्ले म्हणाले, माझं केलर आहे की. केलर म्हणजे हे तळघर. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ती इथं येई. एका बाकावर दोघं आपापला ट्रे घेऊन बसत. बोलायचं काम रेडिओवरचा फुटबॉलवाला करी. मधेच एबर्ले तिच्या ट्रेमधली एखादी पुंगळी उचलत, निरखत, “या” म्हणून परत ठेवत. या म्हणजे हो, बरोबर. त्या एका “या”वर तिचा आठवडा निघे. सोमवारी कामावर कुणी विचारलं, शनिवार-रविवार कसा गेला, तर तिला खोटं बोलावं लागत नसे.

सप्टेंबरात पहिल्यांदा तिच्या नखाला त्यांची उघडी कड लागली, तेव्हा ती सांगणारच होती. पण ते वर गेले होते, आणि आवळणं हे सांगण्यापेक्षा सोपं होतं. ऑक्टोबरात क्लबाच्या स्पर्धेत एबर्ले दुसरे आले. हात वर करून त्यांनी सगळ्यांना दाखवला. “हा अजून मेलेला नाही!” टाळ्या सुलेखानंच जास्त वाजवल्या, आणि मग सांगायचं राहिलंच.

काल संध्याकाळी तिनं अन्वीला फोनवर सगळं सांगितलं होतं. अन्वीला मराठी सगळं कळे. उत्तरं ती जर्मनमध्ये देई.

“आई, दास गेट निश्ट. असं नाही चालत. क्लबाच्या अध्यक्षांना फोन कर. परवाना काढून घेतील. फेर्टिग, संपलं.”

“फेर्टिग काय फेर्टिग! माणूस हाय तो. बटन दाबून बंद करायला यंत्र आहे का?”

“आणि फुटली तर?”

“म्हणून तर तुला विचारायला लागलेय की गं.”

“मग त्यांनाच सांग. तोंडावर.”

“सांगितलं आणि त्यांनी भरणंच बंद केलं तर?”

“बंदच करायला हवं ना?”

सुलेखानं फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून अन्वी एकदम मराठीत बोलली. तिचं मराठी क्वचित निघे आणि निघालं की वर्मी बसे. “तू त्यांना नाही घाबरत आई. तू शनिवारला घाबरतेस.”

शिव्या खाली येऊ लागल्या. सुलेखानं काडतूस ट्रेमध्ये ठेवलं, आपला हात मांडीवर ठेवला.

“आल्झो, चला,” एबर्ले बाकाशी येत म्हणाले, “कुठवर आलीस?”

“हेर एबर्ले, बसा जरा.”

क्लबात सगळे एकमेकांना एकेरी नावानं बोलवत, पण ऐंशीच्या माणसाला कार्ल म्हणणं काही तिच्या जिभेला जमलं नव्हतं. त्यांनी समजावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

“बसतोच आहे. उभं राहायला गुडघा कुठं देतो?”

बसमध्ये तिनं एक लांबलचक, अदबशीर जर्मन वाक्य जुळवलं होतं. त्यात दोनदा ‘कदाचित’ होतं. प्रत्यक्षात बाहेर पडलं ते एवढंच : “तुमच्या पुंगळ्यांची तोंडं बंद होत नाहीत.”

“कुठल्या?”

“सगळ्या.”

एबर्लेंनी चष्मा कपाळावर ढकलला, एक काडतूस दिव्यापाशी धरलं, जाड नख कडेवर फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसरं घेतलं.

“डाय सैल झाली असेल. आज थंडी आहे.”

“सप्टेंबरपासून थंडी आहे?” ती म्हणून गेली, आणि तिनं जीभ चावली.

“सप्टेंबरपासून मी हीच काडतुसं उडवतोय. दुसरा आलो मी, मेडले! उघड्या तोंडाची काडतुसं घेऊन कुणी दुसरा येतो का?”

“नाही येत.”

“गेनाऊ! बरोबर!”

“ती मी आवळली होती.”

रेडिओवर कुणीतरी गोल केला. फुटबॉलवाला आनंदानं किंचाळत सुटला. एबर्लेंनी हात लांबवून रेडिओ बंद केला. बटण सापडायला त्यांना दोनदा चाचपावं लागलं.

“केव्हा?”

“तुम्ही वर जायचात तेव्हा.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“म्हणजे मी वर मुतायला जातो,” एबर्ले सावकाश म्हणाले, “आणि तू इथं माझ्या काडतुसांना हात लावतेस.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे वाक्य ऐकून दोघं हसली असती. सुलेखाच्या घशापर्यंत हसू आलंही, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही बंद कराल.”

“केलं असतं की बंद. त्यात काय?”

सुलेखा ट्रेमधलं एक काडतूस उगाच सरळ करू लागली.

“चाळीस वर्षं झाली,” एबर्ले म्हणाले. “मी दुसऱ्यानं भरलेलं एक काडतूस उडवलेलं नाही. सख्ख्या भावाचं नाही. ह्याच गोष्टीवरून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला, शेवटपर्यंत. मी म्हटलं, बाबा, हा नियम आहे. आपण भरलेलं आपण उडवायचं, दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही. माणूस कितीही जवळचा असो. आणि आता तीन महिने मी तुझी उडवतोय, आणि सगळ्यांना सांगतोय, माझा हात बघा!”

“माझी कशी? भरलेली तुम्हीच. मी फक्त शेवटी—”

“शेवटी ज्यानं हात लावला, त्याची.”

बाकावर त्यांचे दोन्ही हात पुढं पडले होते. परक्या कुणी आपल्या जागेवर पिशव्या ठेवून जावं आणि त्या कुणाच्या हे कळू नये, तसे ते त्यांच्याकडं बघत राहिले. बोटं लाकडावर बारीक टकटकत होती.

“हेल्गालासुद्धा सांगितलं मी,” ते म्हणाले. हेल्गा म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. “कबरीवर जाऊन. दुसरा आलो म्हणून.”

“तुम्ही नाताळात एकटे भरणार होतात,” सुलेखा म्हणाली. “मी तिकडं. मला लग्नात झोप लागली नसती.”

“लग्नात कोण झोपतं?” एबर्ले सवयीनं बोलून गेले.

मग ते उठले. फळीवरचे सगळे डबे त्यांनी एकेक करून खाली घेतले. सुलेखा मदतीला उठली, तर त्यांनी मान हलवली. ड्रॉवरमधून त्यांनी प्लास्टिकच्या डोक्याचा, आतून पोकळ असा एक हातोडा काढला. भरताना चुकलेलं काडतूस मोडायचा हातोडा. सुलेखानं तो आजवर कोर्समध्येच पाहिला होता. काडतूस त्याच्या डोक्यात अडकवायचं, हातोडा लाकडावर आपटायचा. धक्क्यानं गोळी आणि दारू सुटून आत पडते, पुंगळी रिकामी होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेलं सगळं, एका आपटण्यात उलटं.

“सगळी?” तिनं विचारलं.

“सगळी. सोमवारी परवान्याच्या कचेरीत फोन करतो. मी आता भरणार नाही.”

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, दूध संपलंय म्हणावं तसं. सुलेखाला वाटलं होतं, ते तिला जायला सांगतील, निदान ओरडतील. त्यासाठी तिची तयारी होती. ह्यासाठी नव्हती.

“ह्यातली तुझी कुठली ते निवड.”

दोघं निवडायला बसली. दोघांची नखं एकेका तोंडावरून फिरत होती. अडकलं की डावीकडं, त्यांचं; सरकलं की उजवीकडं, तिचं. तांदूळ निवडायला बसावं तसं चाललं होतं, फक्त सूप नव्हतं आणि गप्पा नव्हत्या. आजचा अख्खा ट्रे डावीकडं गेला. उजवीकडचा ढीगही काही लहान नव्हता. गेल्या आठवड्यांत त्यांनी जपून मागं ठेवलेली काडतुसं सगळी तिथंच येत होती. एका काडतुसावर एबर्ले अडले. त्यांनी ते कानाशी नेऊन हलवलं, पुन्हा नख लावलं, आणि मग उजवीकडं, तिच्या ढिगात ठेवलं.

“मी मोडते सगळी,” सुलेखा म्हणाली. “तुमच्या हाताला त्रास होईल.”

“माझी मी. दुसऱ्याची मी मोडत नाही.”

त्यांनी पहिलं काडतूस हातोड्यात अडकवलं आणि हातोडा लाकडी ठोकळ्यावर आपटला. एका घावात गोळी सुटली. थरथरणाऱ्या हाताला आपटायला काहीच अडचण नव्हती. हातोडा तिरका करून त्यांनी आतलं सगळं बशीत ओतलं, गोळी वेचून डब्यात टाकली, दारू बशीतच राहिली, पुंगळी बाजूला. दुसरं. तेही एका घावात. तिसरं. जरासा धक्का बसला, की गोळी निघतच होती. जणू ती कधी नीट आत बसलीच नव्हती. एबर्लेंना ते दिसत होतं. तरी ते प्रत्येक काडतूस तितक्याच काळजीनं हातोड्यात लावत होते, प्रत्येक गोळी वेचत होते. डावा ढीग संपायला फार वेळ लागला नाही.

तळघराच्या छताजवळच्या चिंचोळ्या खिडकीतला उजेड गेला होता. एबर्लेंनी हातोड्याची मूठ सुलेखाकडं करून तो बाकावरून पुढं सरकवला.

तिनं आपलं पहिलं लावलं आणि आपटलं. काही झालं नाही. पुन्हा आपटलं. आत बघितलं, गोळी जागची हललीही नव्हती. तिसऱ्या घावाला तिचा खांदा दुखला. त्याच्या पुढच्याला ती सुटली.

“घट्ट आहेत,” एबर्ले म्हणाले.

“हो.”

“डाय किती खाली फिरवायचीस?”

“पाव फेरा.”

“पाव.” त्यांनी जरा विचार केला. “मी थोडी कमी फिरवली असती. पितळ दमतं. पण चालेल.”

तिनं दुसरं लावलं. तेही लवकर सुटेना. सगळीच तशी होती. एकही ढिलं नव्हतं. मोजमापाच्या खोलीत एवढं पक्कं काम हाताखाली आलं असतं, तर तिनं ते डोळे झाकून पुढं पाठवलं असतं. ठोकळ्यावरचा दणका तळघराच्या भिंतींवर आदळत होता. मध्येच तिनं, हातोडा हवेत धरून, त्यांच्याकडं न बघता विचारलं, “मी परत आल्यावर शनिवारी येऊ?”

“इथं काय असणार आहे?” एबर्लेंनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तिलाही नव्हतं. तिनं हातोडा खाली आणला.

त्यांचं काम संपलं होतं. वर उबदार स्वयंपाकघर होतं, जिना चढायला ते एरवीही उठलेच असते. ते उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्यासारखे ताठ, ते बसून राहिले, आणि तिच्या ढिगातलं एकेक काडतूस सुटेपर्यंत वाट बघत राहिले.

“अजून एकदा मार,” ते म्हणाले.

तिनं मारलं.